चाळिशीत आरंभिलेले नमस्कार
(औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चरित्र)

माघ शुद्ध सप्तमीस, म्हणजे रथसप्तमीस, आपल्या मंदिरात सूर्यनारायणाची पूजा होते आणि अंगणात मुले सूर्यनमस्कार घालतात. वडील मंडळी ते कौतुकाने पाहतात, परंतु स्वतः मात्र कडेलाच उभी असतात. लहानपणापासून देवळात वावरल्यामुळे आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानी आली आहे. चाळिशी-पन्नाशी उलटलेले पुष्कळ गृहस्थ देवापुढे उभ्यानेच हात जोडतात. साष्टांग नमस्काराची इच्छा नसते असे नाही. जमिनीवर गेलेले शरीर पुन्हा उठेल की नाही, याची खात्री नसते. अशा सर्वांनी एका पुरुषाचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे. आज घरोघरी परिचित असलेल्या सूर्यनमस्कारांचा गेल्या शतकात ज्यांनी सर्वांत मोठा प्रसार केला, त्यांनी स्वतः हा व्यायाम चाळिशीच्या उंबरठ्यावर हाती घेतला होता.

श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव, ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ साली औंधच्या राजघराण्यात झाला. सातारा जिल्ह्यातील औंध हे श्रीयमाईचे प्रसिद्ध ठाणे. संस्थान लहानसेच होते. अवघी बहात्तर गावे आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. तीही एका ठिकाणी नव्हती. काही मुलूख औंधाभोवती, काही आटपाडीकडे, तर गुणदाळचा भाग थेट विजापूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. बाळासाहेबांचे उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. चित्रकला आणि कीर्तन या दोहोंची त्यांस मनापासून आवड होती. रामायणावर त्यांनी स्वतः चित्रे काढली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस १९१८ साली त्यांनी एक लाख रुपयांचे साह्य देऊ केले.

शरीरबल वाढवण्याची ओढ त्यांस तरुणपणी लागली ती त्या काळच्या रीतीस अनुसरून. युजेन सँडो या बलवान पुरुषाचे नाव तेव्हा जगभर दुमदुमत होते. त्याची पुस्तके आणि व्यायामाची साधने हिंदुस्थानातही येऊ लागली होती. बाळासाहेबांनी १८९७ साली ही पुस्तके व साधने घेतली आणि पुढे सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. तेव्हा ते आळशी होते आणि चाळिशीत अचानक जागे झाले, असे कोणी समजू नये. त्यांची गोष्ट याहून अवघड आहे. दहा वर्षांच्या परिश्रमाने अंगवळणी पडलेली एक रीत बाजूस ठेवून त्यांनी दुसरी रीत आरंभापासून शिकण्यास घेतली.

या बदलास निमित्त झाले ते मिरजेच्या अधिपतींचे. तेही घराण्याने ब्राह्मण संस्थानिकच असून सूर्यनमस्कारांचा त्यांचा नेम अनेक वर्षांचा होता. त्यांच्या आग्रहावरून १९०८ साली बाळासाहेबांनी नमस्कारांस प्रारंभ केला. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, ते औंधच्या गादीवर आले. राज्यकारभाराचा भार आला म्हणजे माणूस प्रथम आपल्या शरीराचा नेम मोडतो. घरसंसार करणाऱ्या आपणांसही हा अनुभव नवा नाही. बाळासाहेबांनी मात्र राज्य आणि नमस्कार ही दोन्ही व्रते एकदमच चालवली.

नमस्कार हा व्यायाम दिसण्यास सौम्य, परंतु करण्यास कष्टाचा आहे. औंधच्या पद्धतीत एका नमस्काराचे दहा टप्पे असत. हात जोडून उभे राहावयाचे, गुडघे न वाकवता तळहात भुईस टेकावयाचे, एक पाय आणि मग दुसरा मागे न्यावयाचा. कपाळ, छाती, दोन हात, दोन गुडघे व दोन पाऊले ही आठ अंगे भुईस लावावयाची. पुढे छाती वर उचलावयाची, नंतर कंबर वर उचलून पाय पुढे आणावयाचे आणि उभे राहावयाचे. वजन उचलण्यास येथे लोखंडी साधन लागत नाही. आपलाच देह हे वजन, आणि तो पेलावयाचा आपल्याच दंडांनी, पोटाने व मांड्यांनी. त्यास नियमित श्वासाची आणि सूर्याच्या बारा नावांची व बीजमंत्रांची जोड दिली की तीच उपासनाही होते. पैसा नको, साधन नको, सोबती नको, मोठी जागाही नको. औंधसारख्या गरीब मुलखातील प्रजेस हाच व्यायाम परवडेल, हे राजाने ओळखले.

पुढे त्यांनी संस्थानातील शाळांत नमस्कार सुरू केले. राणीसाहेब आणि राजघराण्यातील मुलेही नमस्कार घालीत, त्यामुळे हा व्यायाम स्त्रियांचा नव्हे असे म्हणण्यास कोणास जागा उरली नाही. वेदांचे व्यासंगी पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे पूर्वी हैदराबादेत राहिले होते. ते औंधास येऊन स्थायिक झाल्यावर या प्रसारास विद्वत्तेचेही बळ मिळाले. नमस्कारांवर बाळासाहेबांनी मराठीत पुस्तक लिहिले, १९२८ साली इंग्रजीतही लिहिले, आणि १९३८ साली लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादिलेले त्यांचे पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. सँडोची पुस्तके ज्या दिशेने आली होती, त्याच दिशेने औंधचे नमस्कार परत गेले. नमस्कार हा काही बाळासाहेबांचा शोध नव्हे. परंतु विस्कळीत परंपरेस त्यांनी निश्चित क्रम दिला आणि देवघरातील आचार पटांगणात आणला, हे श्रेय निःसंशय त्यांचे आहे.

सत्तरी गाठल्यावर त्यांनी केलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. पुत्र अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन हे पोलिश अभियंते यांच्या प्रयत्नाने व महात्मा गांधींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये औंध संस्थानास नवी राज्यघटना मिळाली. बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या प्रतिनिधींच्या हाती सोपवली. जो मनुष्य तीस वर्षे रोज भुईस कपाळ लावतो, त्यास सिंहासनावरून उतरणे जड जात नसावे, असे मला वाटते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९५१ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेब दिवंगत झाले. नमस्कारांचा हा वसा पुढे अप्पासाहेबांनी चालवला. राजदूत म्हणून देशोदेशी राहिल्यावरही त्यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

वय वाढते तसे स्नायूंचे बळ ओसरते. परंतु स्नायूंस काम दिले तर उतारवयातही त्यांची शक्ती वाढते, हे आजच्या वैद्यकाने पुरते सिद्ध केले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांस व वृद्धांस आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करण्यास सांगते. अर्थात रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांनी वैद्यास विचारूनच प्रारंभ करावा. इतरांनीही पहिल्याच दिवशी संख्येच्या मागे लागू नये. एक नमस्कार नीट घालावा, तो अंगवळणी पडल्यावर दोन घालावेत. गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा अभ्यास करावा. तोही मांड्यांचाच व्यायाम आहे.

औंधच्या राजास चाळिशीत नव्याने शिकण्याचा संकोच वाटला नाही. येत्या रथसप्तमीस अंगणात मुलांच्या रांगेमागे वडील मंडळींचीही एक रांग उभी राहिली, तर सूर्यनारायण प्रसन्नच होईल. आणि ज्यांस पूर्वी उभ्यानेच हात जोडावे लागत, त्यांस वर्षभराने देवापुढे साष्टांग नमस्कार घालून आपल्याच बळाने उठता आले, तर त्याहून मोठा प्रसाद कोणता?