घोड्याच्या रक्तातले औषध मुंबईत का हरले?

नाशिकजवळच्या भगूरमध्ये १८९९ साली प्लेगने स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत यांना नेले. तोवर या रोगाचा जंतू सापडून पाच वर्षे झाली होती, त्यावरचे सीरमही मुंबईत वापरून झाले होते. तरी भरवशाचा उपाय नव्हता. जंतू शोधणारे अलेक्झांडर येर्सिन यांनीच ते सीरम मुंबईत आणले होते.

येर्सिन यांचा जन्म १८६३ चा, स्वित्झर्लंडमधला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू यांच्यासोबत त्यांनी घटसर्पाच्या विषावर काम केले. नाव होऊ लागले आणि हा गृहस्थ जहाजावरचा डॉक्टर होऊन इंडोचायनाला निघून गेला! १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला. तिथल्या शवागारात त्यांना प्रवेश मिळेना. मग शवे नेणाऱ्या खलाशांना पैसे देऊन त्यांनी गाठींतला पू मिळवला आणि गवती झोपडीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहिला.

पुढचे काम सीरमचे. घोड्याला जंतू टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होऊ द्यायची आणि त्या रक्तातला पातळ भाग रोग्याला द्यायचा. १८९६ मध्ये चीनच्या आमॉय बंदरात २३ रोग्यांपैकी दोनच दगावले. केवढी आशा वाटली असेल!

मार्च १८९७ मध्ये येर्सिन मुंबईत आले आणि सीरम फसले. मृत्यू फारसे थांबेनात. इंडोचायनातल्या न्हा त्रांग इथल्या घोड्यांचे सीरम दुबळे ठरले. औषधाचे नाव तेच, ताकद वेगळी. एका घोड्याची प्रतिपिंडे दुसऱ्यासारखी नसतात. त्याच घोड्याचे दोन वेळचे रक्तही सारखे नसते. त्यात रोगी उशिरा हाती येत. खरे तर आमॉयचा आकडाच लहान होता, सीरम न दिलेल्या रोग्यांशी नीट तुलनाही नव्हती. प्राण्यांपासून मिळवलेली प्रतिपिंडे वापरणाऱ्या प्रयोगशाळांना आजही हाच त्रास होतो. नवी बाटली जुनीशी ताडून पाहिली नाही, तर प्रयोगाचे उत्तरच बदलते.

येर्सिन न्हा त्रांगला परतले. त्यांच्या जागी आलेल्या पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवांचा दुवा शोधला. येर्सिन यांनी पुढे रबर आणि सिंकोनाची लागवड केली. १९४३ मध्ये न्हा त्रांगलाच ते वारले. प्लेगच्या जंतूला आज येर्सिनिया पेस्टिस म्हणतात.