दोन्ही ६४९ सीसी, मग फरक कशाचा? सोइचिरो होंडांच्या आयुष्यातून समजून घेऊ

आपल्याकडे ६५० सीसीची स्पोर्ट बाइक घ्यायची म्हटलं की फिरून फिरून दोन नावं समोर येतात. होंडाची सीबीआर६५०आर आणि कावासाकीची निंजा ६५०. मी स्वतः सध्या याच दोघींमध्ये अडकलोय. स्पेक्स शेजारी-शेजारी ठेवून बघा, पहिलीच ओळ गंमतशीर आहे. दोन्ही इंजिनं ६४९ सीसी!

पण पुढच्या ओळीत सगळं बदलतं. होंडाची पॉवर ९५ पीएस, तीही १२,००० आरपीएमला. निंजाची ६८ पीएस, ८,००० आरपीएमला. टॉर्क मात्र जवळपास सारखाच. होंडाचा ६३ न्यूटन-मीटर ९,५०० आरपीएमला, निंजाचा ६४, आणि तो ६,७०० लाच मिळतो. किमतीत दोन लाखांहून जास्त फरक. म्हणजे ढकलण्याची ताकद तेवढीच, इंजिन तेवढंच, आणि तरी एकीला जास्त पैसे मोजायचे. का?

कारण होंडात चार सिलिंडर आहेत, निंजात दोन. होंडाचा बोअर ६७ मिमी आणि स्ट्रोक ४६ मिमी, तर निंजाचा बोअर ८३ आणि स्ट्रोक ६०. स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जितकं अंतर कापतो तेवढं. इंजिनाच्या एका फेरीत पिस्टन हे अंतर दोनदा कापतो. आता साधा गुणाकार करा. १२,००० आरपीएमला होंडाच्या पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला १८.४ मीटर. निंजाचा ८,००० ला १६ मीटर. पण निंजाचं इंजिन १२,००० पर्यंत ताणलं, तर तोच वेग २४ मीटर होईल. रोजच्या वापराच्या इंजिनाला हे झेपणारं नाही. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. टॉर्क सारखा असेल तर जो जास्त फिरेल त्याची पॉवर जास्त. आणि जास्त फिरायचं तर पिस्टन छोटे हवेत, म्हणजे सिलिंडर जास्त हवेत, म्हणजे सुटे भाग जास्त, म्हणजे खर्च जास्त. एवढंच आहे सगळं.

हा हट्ट होंडात आला कुठून, हे समजायचं तर टाकीवर ज्या माणसाचं नाव लिहिलेलं असतं त्याच्याकडेच जावं लागतं.

लोहाराचा मुलगा

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानमधल्या हामामात्सुजवळच्या एका खेड्यातला. वडील लोहार, सायकलीही दुरुस्त करायचे. आई विणकाम करायची. शाळेत या पोराचं फारसं लक्ष नव्हतं, पण हात भलतेच चालायचे. प्रगतिपुस्तकावर घरचा शिक्का मारून आणायचा असायचा, तर याने रबर कोरून खोटा शिक्का बनवला. दोस्तांनाही बनवून दिले आणि तिथेच पकडला गेला! शिक्का उलटा कोरावा लागतो हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. होंडा हे नाव जपानी लिपीत दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं म्हणून स्वतःचा शिक्का खपून गेला, बाकीच्यांची नावं उलटी उमटली.

१९१७ साली हामामात्सुत आर्ट स्मिथ नावाच्या अमेरिकन वैमानिकाचं विमान बघायला तो वडिलांची मोठी सायकल घेऊन सुमारे २० किलोमीटर गेला. सीटवर बसून पाय पुरेनात, म्हणून नळीच्या मधून पाय घालून, हाफ पेडल मारत. तिकिटाला पैसे कमी पडले तर झाडावर चढून बघितलं.

पंधराव्या वर्षी तो टोकियोला आर्ट शोकाई नावाच्या गॅरेजमध्ये कामाला लागला. सुरुवातीला काम काय, तर मालकाचं मूल सांभाळायचं. हळूहळू हातात पाना आला. तिथे त्यांनी विमानाचं जुनं कर्टिस इंजिन बसवून एक रेसिंग कार बनवली आणि १९२४ साली ती गाडी शर्यत जिंकली. त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक म्हणून बसले होते सोइचिरो. वय फक्त १८. १९२८ मध्ये त्यांनी हामामात्सुत त्याच गॅरेजची शाखा उघडली. १९३६ साली टोकियोजवळच्या तामागावा ट्रॅकवर स्वतः शर्यतीत उतरले, तेव्हा गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. ते आणि सोबत बसलेला धाकटा भाऊ, दोघेही जबर जखमी झाले.

पन्नासातल्या तीन रिंगा

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दुरुस्तीचा धंदा मस्त चालू असताना त्यांनी पिस्टन रिंग बनवायचं ठरवलं. पिस्टनभोवतीची ही पातळ कडी जळणारा वायू खाली निसटू देत नाही. दिसायला बांगडी, पण ती नीट बसली नाही तर इंजिनाची पॉवरच गळून जाते. रिंगा काही जमेनात. शेवटी तिशीत आलेला हा गॅरेजमालक हामामात्सुच्या तंत्रशाळेत पोरांसोबत बाकावर जाऊन बसला. तिथे कळलं की धातूत सिलिकॉनचं प्रमाण कमी पडतंय. परीक्षा मात्र त्यांनी दिली नाही, त्यामुळे शाळेने त्यांना काढून टाकलं. त्यांना डिग्री नको होती, रिंग हवी होती. (आमच्या कॉलेजमध्ये बरोबर उलटं होतं.)

टोयोटाकडे तपासणीला ५० रिंगा गेल्या, त्यातल्या ३ पास झाल्या. नुसती रिंग चांगली असून भागत नाही, प्रत्येक रिंग सारखीच चांगली निघायला हवी, हे तिथून पुढे ते शिकत गेले. आज १२,००० आरपीएमला फिरणारं चार सिलिंडरचं इंजिन आपण बिनधास्त पिळतो, ते याच गोष्टीच्या जोरावर.

युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले, उरलेला जानेवारी १९४५ च्या भूकंपात कोसळला. सोइचिरोंनी तो धंदा साडेचार लाख येनला टोयोटाच्या समूहाला विकला आणि एक वर्ष काहीच केलं नाही. मग १९४६ मध्ये त्यांच्या हाती लष्कराच्या वायरलेस सेटच्या जनरेटरची छोटी इंजिनं लागली. लोकांना ट्रेनच्या गर्दीत जीव नकोसा व्हायचा, सायकलीशिवाय पर्याय नव्हता. त्यांनी ते इंजिन सायकलला बसवलं, पेट्रोलसाठी टाकी म्हणून गरम पाण्याची शेकायची बाटली वापरली. इंजिनं संपली तेव्हा स्वतःचं बनवलं. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आले. पैसा, विक्री, व्यवहार सगळं त्यांच्याकडे, सोइचिरोंकडे फक्त मशीन.

आणि आता आपल्या ९५ पीएसचा उगम. १९५४ साली, कंपनी स्वतःच पैशांच्या अडचणीत असताना, सोइचिरोंनी जाहीर केलं की आम्ही ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅनची टीटी शर्यत जिंकणार. मग तिथे जाऊन बघितलं तर तेवढ्याच सीसीच्या युरोपियन गाड्या होंडाच्या तिप्पट पॉवर देत होत्या. सीसी वाढवता येत नाही, नियमच तसा. मग वाढवायचं काय? आरपीएम. आकार बांधलेला असताना पॉवर काढायचा हाच मुख्य मार्ग होता, आणि सोइचिरोंनी तो टोकाला नेला.

१९५९ ला होंडाची टीम पहिल्यांदा टीटीत उतरली, १२५ सीसी गटात सहावी, सातवी, आठवी आणि अकरावी आली. १९६१ मध्ये १२५ आणि २५० अशा दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे! पुढे आरसी१६६ ही बाइक आली. २५० सीसीत सहा सिलिंडर, म्हणजे एक सिलिंडर जेमतेम ४१ सीसीचा. १८,००० आरपीएम, ६० पीएसच्या वर. माइक हेलवुडने तिच्यावर १९६६ आणि १९६७ चं विश्वविजेतेपद मिळवलं. १९६९ ला हेच ज्ञान रस्त्यावर आलं, सीबी७५० च्या रूपात. ७३६ सीसी, चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, ६७ पीएस. तेव्हाची ही सुपरबाइक आणि आजची निंजा ६५०, पॉवर जवळजवळ सारखीच. कावासाकीनेही १९७२ मध्ये ९०३ सीसीची झेड१ आणून उत्तर दिलं, तेव्हा त्यांना चार सिलिंडर जमत नाहीत असं कुणी समजू नका. निंजा ६५० मध्ये दोन ठेवलेत ते मुद्दाम.

त्याच माणसाची दुसरी गाडी

पण सोइचिरोंची सगळ्यात जास्त खपलेली गाडी कुठली? १९५८ ची सुपर कब, ४९ सीसी, एकच सिलिंडर. तिची सुरुवात ट्रॅकवर नाही, गल्लीत झाली. एका हातात नूडल्सचा ट्रे धरून डिलिव्हरी देणाऱ्या पोराला चालवता यावी म्हणून क्लचचा लिव्हरच काढून टाकला. २०१७ पर्यंत अशा १० कोटी गाड्या बनल्या होत्या. (सीबीआर६५०आरला आता ई-क्लच आलाय, लिव्हर न दाबता गिअर बदलतात. वर्तुळ पूर्ण!)

आणि हट्ट कायम बरोबर ठरतो असंही नाही. साठच्या दशकाच्या शेवटी सोइचिरो हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर अडून बसले. हाताखालचे इंजिनिअर पाण्याने थंड होणारं हवं म्हणत होते. साहेबांचा राग प्रसिद्ध होता, कधी हातही उचलायचे, त्यामुळे समोर कोण बोलणार? १९६८ मध्ये हवेने थंड होणारी आरए३०२ फॉर्म्युला वन शर्यतीत उतरवली. फ्रेंच ग्रांप्रीत तिला अपघात होऊन जो श्लेसर हा ड्रायव्हर जागीच गेला. शेवटी फुजिसावांनी मध्ये पडून त्यांना विचारायला लावलं की तुम्ही कंपनीचे अध्यक्ष आहात की इंजिनिअर. सोइचिरोंनी अध्यक्षपद निवडलं आणि हट्ट सोडला. १९७२ ची सिव्हिक पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनावर चालली.

म्हणून मी माझा हिशेब असा मांडलाय. माझं आठवड्यातले पाच दिवस ऑफिस, रविवारी एखादा घाट. ट्रॅफिकमध्ये आणि घाटाच्या चढावर माझं इंजिन बहुतेक वेळ ४,००० ते ७,००० आरपीएममध्येच असणार. निंजाचा टॉर्क तिथेच आहे. वजनही दहा-पंधरा किलोंनी कमी. सर्व्हिसला होंडाचे १६ व्हॉल्व्ह, निंजाचे ८. उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, जॅकेट आणि टायर येतात. मी निंजाकडे झुकलोय. पण तुम्ही ट्रॅक डेला जाणार असाल, किंवा तो चार सिलिंडरचा आवाज रोज ऐकल्याशिवाय राहवणार नसेल, तर होंडा घ्या. ९,००० च्या पुढे ती वेगळीच बाइक आहे, आणि स्मूथपणात दोन सिलिंडर तिच्या जवळ येत नाहीत. टेस्ट राइड घेताना मात्र रिकाम्या रस्त्यावर नको, संध्याकाळच्या गर्दीत घ्या.

१९७३ साली सोइचिरो आणि फुजिसावा एकत्रच निवृत्त झाले. त्यानंतर सोइचिरो जपानभर फिरून कारखान्यांतल्या कामगारांना आणि डीलर्सना भेटले, प्रत्येकाशी हात मिळवले. ५ ऑगस्ट १९९१ ला वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढू नका असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गाड्या बनवणाऱ्या माणसामुळे रस्त्यावर ट्रॅफिक जाम व्हायला नको म्हणून.