धारचा मान, पाटणचा मठ आणि भास्कराचार्यांचं गणित

इंदूर : इथून जवळच धार. तिथल्या भोजराजाने भास्करभट्ट नावाच्या पंडिताला ‘विद्यापती’ ही पदवी दिली होती. त्याच्याच वंशात, पाच पिढ्यांनंतर, १११४ मध्ये भास्कराचार्य जन्मले. सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जलविड हे आपलं गाव, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ते गाव नेमकं कोणतं, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटकात अजून वाद चालतो.

वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग.

आज ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर समीकरण टाकलं की वक्र दिसतो आणि बटण दाबलं की उत्तर येतं. आत मात्र यंत्र अंदाज धरतं, चूक मोजतं, अंदाज सुधारतं. ग्रहगणितात आपल्याकडे हेच हाताने चालायचं. आलेलं उत्तर परत गणितात घालायचं आणि फरक पडेनासा होईपर्यंत थांबायचं नाही.

बीजगणितातलं त्यांचं एक उदाहरण मात्र यंत्रालाही जड जातं. अशी पूर्ण संख्या शोधा, जिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येईल. १ घेऊन बघा. ६१ मध्ये ३ मिळवले तर ६४, म्हणजे ८ चा वर्ग. हवा होता १, लागले ३. पुढची पायरी ५ ची. ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, आणि ३९ चा वर्ग १५२१. इथे ४ कमी पडले. प्रत्येक चूक पुढच्या पायरीला वापरायची, ही चक्रवाल पद्धत. शेवटी उत्तर येतं २२,६१,५३,९८०, आणि वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९. त्याचा वर्ग १९ अंकी. साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर तो मावतही नाही. नुसत्या आलेखावरूनही ही संख्या सापडणार नाही.

हाच ६१ चा प्रश्न फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला. भास्कराचार्यांनी तो पाचशे वर्षं आधीच सोडवला होता.

११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुढे मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला आणि नातू चंगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चंगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. त्याला १२०७ मध्ये दान मिळालं. तसा शिलालेख तिथे आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेख संस्कृतात, पण दानाचा तपशील मराठीत. धारच्या पदवीची नोंदही त्यातच सापडते. माळव्यातला मान असा खानदेशातल्या दगडावर टिकून राहिला.