गुणसूत्रांचा हिशेब मांडणारे थिओडोर बोव्हेरी

अभियंत्यांना बोव्हेरी हे आडनाव परिचित आहे. वाल्टर बोव्हेरी यांनी १८९१ मध्ये सहसंस्थापक म्हणून उभारलेली ब्राउन बोव्हेरी ही कंपनी म्हणजे आजच्या एबीबीची एक पूर्वज. त्यांचे थोरले बंधू थिओडोर मात्र यंत्रांकडे नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाकडे वळले. १२ ऑक्टोबर १८६२ रोजी जर्मनीतील बांबेर्ग येथे जन्मलेले थिओडोर १८९३ मध्ये वुर्झबर्ग विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. अमेरिकेतून संशोधनासाठी तेथे आलेल्या मार्सेला ओग्रेडी यांच्याशी १८९७ मध्ये त्यांचा विवाह झाला.

त्या काळी सर्व गुणसूत्रे सारखीच असावीत, असा समज प्रबळ होता. बोव्हेरींनी सी-अर्चिन या काटेरी सागरी जीवाची अंडी निवडली. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले, की गुणसूत्रांचे तीन संच एकत्र येत आणि अंडे एकदम चार पेशींत विभागले जाई. वाटणी अर्थातच विषम होई. या पेशी वेगळ्या करून वाढविल्या असता प्रत्येकीचा विकास निराळ्या रीतीने बिघडे. बहुतेक नष्ट होत. अंडे चारऐवजी तीन पेशींत विभागले गेले, तर निकोप अळ्या तुलनेने अधिक मिळत. बोव्हेरींनी १९०२ मध्ये निष्कर्ष मांडला: प्रत्येक गुणसूत्राचे कार्य वेगळे असून निकोप वाढीसाठी पूर्ण संच आवश्यक असतो.

याच तर्काने ते कर्करोगापर्यंत पोहोचले. चुकीच्या वाटणीने बहुतेक पेशी दुर्बळ होतात. पण एखादीच्या वाट्याला असा संच येतो, की तिच्या विभाजनावरील लगामच सुटतो. १९१४ मध्ये त्यांनी हा सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. तेव्हा त्यांच्या हाती गाठींवरील प्रयोगांचा पुरावा नव्हता, आणि वैद्यकविश्वाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. प्रकृती ढासळल्याने बर्लिनमधील नव्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेचे संचालकपद त्यांनी आधीच नाकारले होते. १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, महायुद्ध सुरू असताना, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुस्तक विस्मृतीत जाऊ नये म्हणून मार्सेला यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. तो १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे निश्चित व्हायला १९५६ साल उजाडले. १९५९ मध्ये डाउन सिंड्रोममागे एकविसावे गुणसूत्र जादा असल्याचे दिसले. आज बहुतांश घन गाठींत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळते. एका अंड्याच्या विषम वाटणीतून बोव्हेरींनी बांधलेला अंदाज असा अर्ध्या शतकानंतर प्रयोगशाळांतून खरा ठरू लागला.