शिष्यवृत्ती नाकारलेली विद्यार्थिनी

इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याकडे आपल्याकडे किंचित कीवेनेच पाहिले जाते. त्या विषयाचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांनाच अधिक पडतो, हेही कबूल केले पाहिजे. अशा वेळी कॉर्नेलिया सोराबजी यांचे चरित्र आठवते.

त्यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालविल्या. कॉर्नेलियाबाईंनी डेक्कन कॉलेजात मुलग्यांच्या वर्गात बसून साहित्याचा अभ्यास केला. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. अंतिम परीक्षेतील त्यांचे गुण असे होते की, इंग्लंडमधील उच्च शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती त्यांनाच मिळावयास हवी होती. ती नाकारण्यात आली. कारण एकच, उमेदवार स्त्री होती. निकाल लागल्यावर निकष बदलण्याला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते असो. साध्या मराठीत त्याला अन्याय म्हणतात.

पुढे काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना इंग्रजी शिकविले. शिष्यवृत्तीला अपात्र ठरलेली व्यक्ती अध्यापनाला मात्र पात्र ठरली! अखेर इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमविली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. गंमत अशी की, पुण्यात त्या ज्या विषयाच्या पदवीधर झाल्या, त्या इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र ऑनर्स अभ्यासक्रम खुद्द ऑक्सफर्डने १८९४ मध्ये मंजूर केला.

तेथे त्या कायद्याकडे वळल्या. १८९२ मध्ये खास परवानगीने बी. सी. एल. परीक्षेला बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पदवी मिळाली नाही. स्वदेशी परतल्यावर वकिलीची दारेही बंदच होती. १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या, म्हणजे अज्ञान वारसांच्या व विधवांच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, त्या सल्लागार झाल्या. पडद्याआडच्या ज्या स्त्रियांना पुरुष वकिलाशी समोरासमोर बोलताही येत नव्हते, त्यांची गाऱ्हाणी ऐकून ती साहेबाला समजेल अशा इंग्रजीत मांडणे, हे त्यांचे काम. साहित्याच्या अभ्यासाचा याहून रोकडा उपयोग प्रस्तुत लेखकाला तरी ठाऊक नाही.

याच इंग्रजीने त्यांना राज्यकर्त्यांच्या फार जवळ नेले, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने देशभर संताप उसळला असता त्या लेखिकेच्या बाजूने उभ्या राहिल्या. स्वकीयांनी त्यांना दूर लोटले, त्याला हे कारण पुरेसे होते. मात्र त्यासाठी त्यांच्या विद्यार्थिदशेचा लढा विसरणे योग्य नाही.

ऑक्सफर्डची पदवी त्यांच्या हाती पडली १९२२ मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ मध्ये झाला. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नच्या घरात होते.