लोहाराचा पोरगा आणि लाल रंगाचं सोनं

एक बॅटरी, चांदीच्या दोन तारा आणि ग्लासभर पाणी. एवढ्यावर घरीच 'चांदीचं पाणी' बनवा, रोज दोन चमचे प्या, सगळे आजार पळतील, असं तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल. तारा पाण्यात सोडण्याआधी एका माणसाला भेटा. या खेळामागचं विज्ञान त्यानंच मांडलं. त्याचं नाव मायकेल फॅरेडे.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी तो जन्मला. बाप कायम आजारी, घरात खायची ओढाताण, शाळा लिहिण्या-वाचण्यापुरती. तेराव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे कामाला लागला. बांधायला आलेली पुस्तकं हा पठ्ठ्या वाचून काढायचा. विजेवरचा लेख वाचला आणि गडी करून बघायला बसला. तांब्याची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले सहा कागद. झाली बॅटरी!

१८१२ मध्ये त्यानं हम्फ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली. टिपणं सुवाच्य लिहून, स्वतः बांधून डेव्हीलाच पाठवली. मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायक म्हणून रुजू झाला. पुढं १८३१ मध्ये चुंबकापासून वीज मिळवली. तुमच्या शेताजवळची डीपी याच तत्त्वावर चालते.

आता चांदीकडे येऊ. द्रावणातून जितकी वीज जाईल, तितक्याच प्रमाणात धातू सुटतो किंवा साचतो, हा नियम त्यानं १८३०च्या दशकात प्रयोगांनी सिद्ध केला. त्या हिशेबानं १ मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर तारेतून जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. म्हणजे प्रवाह आणि वेळ मोजल्याशिवाय पाण्यात किती चांदी उतरली ते कळत नाही. घरी हे कोण मोजतं?

साठी ओलांडल्यावर फॅरेडे सोन्याच्या मागे लागला. सोन्याच्या क्षाराचं द्रावण घेऊन त्यानं फॉस्फरसनं त्यातलं सोनं मोकळं केलं, तर पाणी माणकासारखं लालभडक झालं. दिसायला एकदम नितळ. पण त्यानं त्यातून प्रकाशाचा झोत सोडला आणि झोताची वाट पाण्यात उजळून दिसली. म्हणजे सोनं विरघळलेलं नव्हतं, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत होतं. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी त्यानं हे रॉयल सोसायटीपुढं मांडलं. अशा मिश्रणाला 'कोलॉइड' हे नाव थॉमस ग्रॅहॅमनं १८६१ मध्ये दिलं. फॅरेडेच्या त्या काचेच्या बाटल्या आजही जपून ठेवलेल्या आहेत.

त्याला आणखी एक गोष्ट दिसली. लाल पाण्यात चिमूटभर मीठ पडलं की रंग निळसर होतो, कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. हिवरखेड तेल्हाऱ्याचं असो की मोर्शीचं, पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. तसल्या खाऱ्या पाण्यात चांदीच्या तारा सोडल्या, तर क्षारांशी संयोग होऊन पांढरट गढूळ सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. त्यालाच औषध समजून पिणार का?

शुद्ध पाणी वापरलं तरी प्यायचं नाहीच. पोटात गेलेली चांदी शरीरात साठत जाते आणि कातडी निळसर राखाडी पडते. याला आर्जिरिया म्हणतात. हा रंग सहसा जन्मभर जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९९ मध्येच सांगून टाकलं, की दुकानात औषध म्हणून मिळणारी कोलॉइडल चांदी सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही. जखमेवर लावायची चांदीयुक्त मलमं वेगळी, तीही डॉक्टरांना विचारूनच.

मग घरी काय करायचं? ग्लासभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाका, खोलीत अंधार करा, बाजूनं टॉर्च मारा. झोताची वाट दिसली की समजा, तुमच्यासमोर कोलॉइड आहे. मग साध्या पाण्यात मीठ विरघळवून तेच करा. फरक वहीत लिहा.

फॅरेडे हेच करत राहिला. त्याच्या प्रयोगवहीत १६ हजारांवर क्रमांकित नोंदी आहेत. सर ही पदवी त्यानं नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला. गणित त्याला फारसं येत नव्हतं, कॉलेज त्यानं पाहिलं नव्हतं. पण ऐकलेली गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय त्यानं खरी मानली नाही. तुम्हीही मानू नका.