झहीर रायहान : कॅमेऱ्याची साक्ष

दुसऱ्यांच्या हत्यांची साक्ष जगापुढे ठेवणारा दिग्दर्शक स्वतः मात्र कोणत्याही साक्षीविना नाहीसा झाला. झहीर रायहान यांचे आयुष्य असे अवघ्या छत्तिसाव्या वर्षी संपले.

आजच्या बांगलादेशातील फेनी जिल्ह्यात १९३५ साली त्यांचा जन्म झाला. विद्यार्थिदशेतच १९५२ च्या भाषा आंदोलनात त्यांना तुरुंगवास घडला. पुढे पत्रकारिता आणि कादंबरीलेखन करीत ते चित्रपटाकडे वळले. ‘हाजार बछर धरे’ या कादंबरीला आदमजी पुरस्कार मिळाला. १९६४ चा त्यांचा ‘संगम’ हा पाकिस्तानातील पहिला पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट मानला जातो. १९७० च्या ‘जीबन थेके नेया’मध्ये घराच्या किल्ल्यांचा जुडगा ताब्यात ठेवून सर्वांवर हुकूमत गाजवणारी बहीण दाखवून त्यांनी लष्करी राजवटीचेच रूपक उभे केले.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांड आरंभले. रायहान कोलकात्यास आले आणि तुटपुंज्या साधनांनिशी त्यांनी सुमारे वीस मिनिटांचा ‘स्टॉप जेनोसाइड’ हा माहितीपट केला. ढेकीवर धान्य कांडणारी हसरी मुलगी, मग बुटांचा आवाज, गोळीबार आणि काळोख, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे निर्वासितांचे तांडे, छावण्यांतील मूक चेहरे दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या ग्वाहीशेजारी व्हिएतनाममधील व नाझी छळछावण्यांतील दृश्ये ठेवून त्यांनी जगाच्या मौनालाच जाब विचारला. चित्रपट लेनिनच्या वचनाने सुरू होतो, त्यात शेख मुजीबुर रहमान यांचा उल्लेख नाही, म्हणून स्वकीयांपैकीही काहींनी आक्षेप घेतला. परंतु नेत्याच्या गौरवापेक्षा पीडितांची साक्ष रायहान यांना मोलाची वाटली.

डिसेंबरात देश स्वतंत्र झाला. मात्र त्यांचे थोरले बंधू, लेखक शाहिदुल्ला कैसर यांना १४ डिसेंबरलाच घरातून उचलून नेण्यात आले होते. ढाक्यात परतलेले रायहान भावाच्या शोधासाठी ३० जानेवारी १९७२ रोजी मीरपूरला गेले. शरणागतीनंतरही तेथे पाकिस्तानधार्जिण्या सशस्त्र टोळ्यांचा जोर होता. रायहान परतले नाहीत. त्यांचा मृतदेहही मिळाला नाही. त्यांच्या मृत्यूचे चित्रण करणारा कॅमेरा तेथे नव्हता. त्यांनी टिपलेले निर्वासितांचे चेहरे मात्र आजही १९७१ ची साक्ष देतात.